दुसरं पान जात नाही

काष्टी, बुधवार, १२ नोव्हेंबर

पान पहिले

स्नेहल,

हा कागद तुझ्या वॉर्डातल्या मशीनमधून बाहेर पडेल तेव्हा तू त्याला हात लावशील की नाही, मला माहीत नाही. "दादा, यापुढं तुझा एकही कागद मी हातात धरणार नाही," असं तू चार वर्षांपूर्वी फोनवर म्हणालीस. ते माझ्या ध्यानात आहे. म्हणून हा कागद मी हातात देत नाही, तारेतून पाठवतोय. फाडायचा तर फाड, पण दुसरं पान वाचून फाड.

विजयमालाकडून कळलं की चोवीस तारखेला तुझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे, तू नोकरी करतेस त्याच हॉस्पिटलात. मैत्रिणीवर चिडू नकोस. माझ्या अश्विनीचं लग्न विजयमालाच्या भाच्याशी ठरलंय, बस्त्याचं बोलायला तिनं फोन केला होता, बोलता बोलता तोंडून निघून गेलं. मी म्हणालो, स्नेहलला म्हणावं एकदा फोन कर, लई अर्जंट आहे. दुसऱ्या दिवशी तुझं उत्तर आलं, "त्याला परत कुठंतरी सही पाहिजे असेल." ऐकून घेतलं. तुझा नंबर मागितला तर विजयमाला म्हणाली, तेवढं सोडून बोला.

मग हॉस्पिटलचा नंबर नेटवर शोधून मीच लावला. एक बाई आल्या. माझं इंग्रजी तुला ठाऊकच आहे, खताच्या गोणीवर असतं तेवढं. त्यांचं म्हणणं एवढंच कळलं की पेशंटबद्दल फोनवर काही ऐकत नाही, काही सांगत नाही, कागद असेल तर तुझ्या वॉर्डाच्या नंबरवर फॅक्स करा. मेल केला तर आपोआप उत्तर आलं की या पत्त्यावर मेल वाचत नाहीत. स्पीडपोस्टाला पंधरा दिवस लागतील म्हणतात. जर्मनीत एवढी यंत्रं बनतात आणि कागद मागतात फॅक्सनं, ह्याला काय म्हणावं.

श्रीगोंदा, नगर, दोन्हीकडं फिरलो. फॅक्स म्हटल्यावर दुकानदार हसतात. शेवटी श्रीरामपूरच्या राधाकृष्णभाऊंची आठवण झाली. स्टेशनजवळ त्यांचं एसटीडी-फॅक्सचं बूथ होतं, आता मोबाईलची कव्हरं विकतात. त्यांच्याकडं एक जुना काळा लॅपटॉप निघाला. त्याच्या बगलेला टेलिफोनची पिन बसायची जागा आहे. म्हणाले, घरात तारेचा फोन आहे ना, मग झालं, ह्यातूनच फॅक्स जातो. आईनं तो फोन मला कधी बंद करू दिला नाही, ते आज कामी आलं. त्याचीच एक तार घरापुढच्या खताच्या दुकानात ओढून लॅपटॉपला जोडली.

दुकानातल्या प्रिंटरवर कागद स्कॅन केलेत. दोन पानं आहेत. दुसरं पान डॉक्टरांना दाखव.

पान दुसरे

आता जे लिहितो ते उभ्या उभ्या वाचू नकोस, खाली बस.

आबा हार्ट अटॅकनं गेले नाहीत. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला नगरला नेलं होतं, तिथं भूल दिल्यावर गेले. जबडा आवळला, अंग तव्यासारखं तापलं, तासाभरात सगळं संपलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मी वीस वर्षांचा, तू अकराची. म्हणाले, चूक कुणाची नाही, हा दोष रक्तात असतो, तुला असेल, बहिणीला असेल, कधीही भूल घ्यायची वेळ आली तर हा कागद आधी दाखवायचा. त्यांच्या हातचा कागद मी आजवर ट्रंकेत ठेवला. घरी आल्यावर आई म्हणाली, पोरीचं लग्न व्हायचंय, घराण्यात असलं काही आहे म्हटल्यावर कोण दारात येईल. आम्ही दोघांनी हार्ट अटॅक सांगायचं ठरवलं.

तो कागद खाली चिकटवलाय. तुझ्या डॉक्टरांना द्यायचाच.

*

काष्टी, शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पान पहिले

स्नेहल,

परवाचा फॅक्स गेला नाही. लॅपटॉपनं नंबर फिरवला, कूं केलं, कर्र केलं, हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत गेली आणि तिथंच मेली. खाली लाल अक्षरात फेल. परत केला, परत फेल. काल दुपारीही तेच.

राधाकृष्णभाऊंना फोन केला. ते निवांत माणूस. "गोरक्षराव, घाई करू नका, लाईन म्हणजे गाय आहे, तिच्या कलानं घ्यायचं." मी म्हणालो, भाऊ, मला गाय सांगू नका, काय दाबायचं ते सांगा. मग एकेक सांगितलं. आयएसडी, म्हणजे परदेशाची लाईन, उघडलंय का बघा. ते मी अर्ज देऊन आधीच उघडून घेतलंय. नंबरच्या आधी दोन स्वल्पविराम टाका, म्हणजे लॅपटॉप जरा दम खातो. वेग कमी करा, जुन्या तारेला वेग सोसत नाही. सगळं केलं. दुपारी एक ते तीन दुकानाला गिऱ्हाईक नसतं, तेव्हा करतोय. बॅटरी मेलेली आहे, लाईट गेली की लॅपटॉप बंद, लाईट आली की पहिल्यापासून. इकडं ऊस तोड सुरू झाली, रस्त्यानं ट्रॉल्या चालल्यात, कर्कश गाणी लावून. डोकं ठिकाणावर नाही. कांद्याच्या करप्याला औषध मागायला आलेल्या माणसाला मी काल तणनाशक काढून दिलं. त्यानंच वाचून परत केलं म्हणून बरं.

कुणा पोराला बोलावून करून घ्या, असं अश्विनी म्हणते. नको म्हणालो. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही.

आईचं एक वेगळंच. काल जेवताना म्हणते, "फोनला काय झालंय रं? टिंग करतो आन् नुसता वरडतो." मी खेकसलो, तुझे कान वाजतात. आज तिनं फोनचं नाव काढलं नाही.

दुसरं पान नीट बघ.

पान दुसरे

मागच्या वेळचंच परत लिहितो, कारण ते पोचलेलं नाही. आबा भुलीच्या औषधानं गेले. तुझ्या हॉस्पिटलात फॉर्म भरून घेतात, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का म्हणून विचारतात, असं मी वाचलं. तू तिथं नाही असंच लिहिलं असशील. तुला दुसरं काही माहीतच नाही. ती खोटी माहिती तू दिली नाहीस, मी दिली आहे.

माझा हर्निया आठवतो? सहा वर्षं झाली पट्टा बांधून हिंडतोय. तू मला घाबरट म्हणायचीस, सुईला भितो म्हणून सगळ्या पावण्यांत हसं केलंस. मी हसू दिलं. सुईला भीत नव्हतो गं.

ज्या लग्नासाठी लपवलं, ते तुझं लग्न चार वर्षं टिकलं. मग तू नर्सिंग केलंस, जर्मन शिकलीस, तिकडं गेलीस. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. तेव्हा आपलं जमिनीवरून झालं आणि तोंडच बंद झालं.

त्याचंही लिहितो. व्हिसाच्या घाईत तू होतीस. वारस नोंदीची सही आहे असं सांगून मी तुला श्रीगोंद्याला नेलं. ती वारस नोंद नव्हती, हक्कसोड होती. तू माझ्या भरवशावर न वाचता सही केलीस आणि तिकडं गेल्यावर मोबाईलवर सातबारा उघडून बघितलास तेव्हा त्यावर तुझं नाव नव्हतं. सगळे भाऊ असंच करतात, असं मी तेव्हा माझं मलाच सांगितलं. सगळे करतात, पण सगळे खोटं सांगून करत नाहीत.

*

काष्टी, सोमवार, १७ नोव्हेंबर

पान पहिले

स्नेहल,

आज सहावा दिवस. दुसरं पान जात नाही.

शनिवारी काष्टीचा बाजार असतो, दुकान बंद ठेवता येत नाही. म्हणून काल, रविवारी, मी दुकानाला कुलूप घालून लॅपटॉप पिशवीत घातला आणि एसटीनं नगर, नगरवरून श्रीरामपूर, असा राधाकृष्णभाऊंच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांच्या शेजाऱ्याकडं तारेचा फोन आहे. तिथं पिन लावली आणि भाऊंच्या ओळखीच्या पुण्यातल्या एका ऑफिसातल्या फॅक्सला दोन पानं पाठवली. पहिल्या झटक्यात गेली. भाऊ म्हणाले, "लॅपटॉप चांगला, तुमचीच लाईन नादुरुस्त." मी म्हणालो, मग इथूनच जर्मनीला लावू. तर शेजाऱ्याच्या फोनला परदेशाची सोय नाही आणि अर्ज करून ती उघडायला चार दिवस. परत आलो.

आज लाईनमनला गाठून आणलं. खांबापासून दुकानापर्यंत सगळे सांधे तपासले. म्हणाला, "लाईन टकाटक हाय." माझ्यासमोर पुण्याला फोन लावून दाखवला. तो गेला, मी फॅक्स लावला, पट्टी अर्ध्यावर जाऊन मेली. मला तर वाटायला लागलंय की ही तारही तुझ्या बाजूची झाली.

विजयमालानं बस्त्याची तारीख काढली, तीस नोव्हेंबर. अश्विनी खूश आहे. पोरगा चांगला आहे, वाघोलीला कंपनीत आहे. तुला बोलवायचं ती दहादा म्हणाली. मी म्हणालो, आत्याला तूच कळव. कसं कळवू, नंबर कुठंय, म्हणाली.

तुझ्या वॉर्डातल्या लोकांनी एकदा मशीनमध्ये कागद आहे का ते बघावं, एवढीच विनंती.

पान दुसरे

सात दिवस राहिले. मी किती नालायक आहे ते आज लिहितो. विजयमालाला एका वाक्यात सांगितलं असतं की स्नेहलला सांग, भूल घेऊ नको, तर काम झालं असतं. आज दोनदा तिला फोन लावला. पहिल्या वेळी मानपानाच्या साड्या किती ते विचारून ठेवला. दुसऱ्या वेळी नवरदेवाच्या बोटाचं माप विचारलं. कारण तिला सांगितलं की तिच्या भाच्याच्या घरी कळणार, की मुलीच्या घराण्यात रक्तातला दोष आहे. लग्न मोडलं तर अश्विनीला काय सांगू. तुझ्या वेळी आईनं जे केलं तेच मी अश्विनीच्या वेळी करतोय, हे मला दिसत नाही असं नाही.

 बहिणीचा जीव एका बाजूला आणि मी अंगठीचं माप लिहून घेतोय.

*

काष्टी, मंगळवार, १८ नोव्हेंबर

पान पहिले

स्नेहल,

आज तीनदा लावला. तिन्हीदा फेल.

गोणीला लाथ मारली, बोट सुजलंय. अश्विनी म्हणते, पप्पा, तुम्ही हल्ली कुणाशी धड बोलत नाही. आई ताट पुढं ठेवते आणि आत जाते. मी लॅपटॉपसमोर पट्टीकडं बघत बसतो. पहिल्या पानाला एक मिनिट लागतं, ते सुरळीत जातंय असं दिसतं. दुसरं सुरू होतं, चार-पाच रेघा पुढं सरकतं, आणि गचका. रोज तिथंच. लाईनला काय कळतं पहिलं कुठलं आणि दुसरं कुठलं?

जास्त लिहीत नाही. दुसऱ्या पानावर आहे ते सगळं आहे.

पान दुसरे

आबा भुलीनं गेले. डॉक्टरांना सांग. डॉक्टरांना सांग. डॉक्टरांना सांग.

*

काष्टी, बुधवार, १९ नोव्हेंबर

पान पहिले. एकच पान आहे.

स्नेहल,

आबा हार्ट अटॅकनं गेले नाहीत. भुलीच्या औषधानं गेले. दोष रक्तात असतो, तुलाही असू शकतो. मला आणि आईला माहीत होतं, तुझं लग्न अडू नये म्हणून सत्तावीस वर्षं लपवलं. डॉक्टरांनी तेव्हा जे इंग्रजीत लिहून दिलं ते याच पानाच्या तळाला चिकटवलंय. हे पान हातात पडताच भूल देणाऱ्या डॉक्टरांकडं ने, बाकीचं नंतर वाच.

आता बाकीचं.

आज फॅक्स लावला आणि पट्टीकडं बघवेना म्हणून पाणी प्यायला आत गेलो. इतके दिवस मी लॅपटॉपपासून हललो नव्हतो. आत आई बाजेवर कांद्याची पात निवडत बसलेली. स्वयंपाकघरातल्या फोननं बारीक टिंग केलं. दुकानात लॅपटॉपनं लाईन उचलली की आतला फोन टिंग करतो, हे मला आजच कळलं. आईनं पात बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठली. भिंत धरत, मधे एकदा थांबून दम घेऊन, फोनपाशी गेली. पदराला हात पुसले. उचलला आणि म्हणाली, "स्नेहल? बोल की गं. मला ऐकू येतंय." आतून नुसती कर्र. ती तशीच धरून उभी. दुकानात पट्टी मेली असणार.

मी विचारलं, किती दिवस उचलतीस हा?

"रोजच. दुपारचा टिंग करतो. तिकडून आवाज येतो, पर बोलत न्हाई. मला वाटलं तिला काय बोलावं ते सुचत नसंल."

मला का नाही हाक मारलीस, म्हणालो.

"तुला कशाला? मागं तिचा फोन तू उचलला आन् वाट्टंल तसं बोललास. मंग तिनं करायचाच सोडला. तू उचलायच्या आत उचलावा म्हणून मी घाई करते, पर गुडघं उठू देत न्हाईत लवकर."

मी तिथंच पाटावर बसलो. तिला उठून फोनपर्यंत यायला लागतो तेवढ्या वेळात एक पान जातं. रोज एकच पान जातं.

राधाकृष्णभाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "अहो, मग पहिली पानं पोचली की सगळी. तिकडचं मशीन पान संपलं की छापून मोकळं होतं, लाईन मागाहून तुटली तरी. तुमच्या लॅपटॉपला दोन पानं पाठवायची होती म्हणून तो फेल म्हणतो."  पहिल्या पानांवर काय काय लिहिलंय ते आठवायला लागलो. उसाच्या ट्रॉल्या, तणनाशक, बस्ता, लाईनमन. बिनकामाचं सगळं पोचलं आणि कामाचं इथंच राहिलं. भाऊ म्हणाले, "बूथवर माणसं महत्त्वाचं आहे ते पहिल्याच पानावर लिहायची. लाईनचा काय भरवसा." मी रोज ते दुसऱ्यावर ठेवत आलो.

आईला सगळं सांगितलं. कागदाचं, तुझ्या ऑपरेशनचं, चोवीस तारखेचं. तिला ऑपरेशनचं माहीत नव्हतं, मी लपवलं होतं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मीच म्हणलं हुतं ट्रंकेत ठेव म्हणून. माझंच नाव लिव." लिहिलं, वर आहे.

अश्विनीलाही बोलावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पप्पा, हे मला लग्नाआधी सांगणार होता का नंतर?"  ती आत गेली आणि तिनंच विजयमालाला फोन लावला. एक एक गोष्ट सांगितली, तुला निरोप द्यायलाही सांगितलं. मी दाराआडून ऐकत होतो. विजयमाला काय म्हणाली ते अश्विनीनं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

म्हणजे निरोप तुला बहुधा त्या वाटेनं आधी मिळेल. तरी हा कागद जायलाच हवा, तोंडी निरोपावर डॉक्टर काय करतील.

आई आत्ता इथं दुकानात माझ्या शेजारी खुर्चीवर बसली आहे, दोन्ही हात मांडीखाली दाबून. आतला फोन कितीही वाजला तरी उचलायचा नाही, असं तिला बजावलंय. तुझं काही उत्तर आलं तर लॅपटॉपच लाईन उचलेल, अशी सोय भाऊंनी करायला लावली आहे.

लावतो आता.

*

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दादा,

बुधवारचं पान मिळालं. डॉक्टरांना दिलं.

विजयमालाचा निरोपही त्याच दिवशी आला. खरं सांगते, आधी विश्वास बसला नाही. मला वाटलं, हाही काहीतरी डाव. मग वॉर्डातली बाई तुझं पान घेऊन आली, तळाला तो पिवळा पडलेला कागद चिकटवलेला, त्यावर आबांचं नाव, वय अठ्ठेचाळीस. मी ड्युटीवर होते. स्टूल ओढून बसले. तिथल्या सगळ्यांना वाटलं मला चक्कर आली.

फॉर्मवर मी हार्ट अटॅकच लिहिलं होतं. स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, हे तुम्ही सोमवारी टेबलावर गेल्यानंतर कळलं असतं तर. मग लगेच नव्यानं फॉर्म भरून घेतला. ऑपरेशन सोमवारीच आहे, पण औषधं वेगळी वापरतील, भुलीच्या जुन्या वायूचा अंश राहू नये म्हणून भुलीचं मशीन आधी धुऊन घेतील आणि त्या दिवशी पहिला नंबर माझा. वेळ आलीच तर लागतं ते औषध उशाशी ठेवतील. काळजी करू नकोस असं मी लिहिणार नाही. कर थोडी. इतकी वर्षं मी काहीच माहीत नसताना हिंडले.

तुझी पहिली पानं सगळी मिळाली, काही तर दोनदोन वेळा. आमच्या वॉर्डात आता सगळ्यांना माहीत आहे की माझा एक भाऊ आहे जो रोज एक पान पाठवतो आणि दुसरं पाठवत नाही. मी ती पानं फाडणार होते. फाडली नाहीत, का ते माहीत नाही. "दुसरं पान डॉक्टरांना दाखव" वाचलं की मी मशीनपाशी जाऊन उभी राहायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे, की ह्याच्या कागदाची वाट बघतेय मी.

हर्नियाचं ऑपरेशन तू का टाळत होतास ते आता माझं मलाच उमगलं. ते करून घे. पुण्याला कर, मोठ्या ठिकाणी, आणि हा कागद आधी दे. घाबरट म्हणाले ते शब्द परत घेते.

अश्विनीला सांग, तिनं केलं ते बरोबर केलं. तिच्या वयाची असताना मला कुणी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक.

एक राहिलं. सहीबद्दल तुझ्या पानांवर माझाच टोमणा आहे, तुझा शब्द कुठं नाही. दुसऱ्या पानांवर लिहिलं असशील तर मला मिळालेली नाहीत आणि मला ती नकोत. काय लिहायचं ते पहिल्या पानावर लिही.

आणि ते मशीन काढून टाक. काल दोनदा घरी फोन केला. चार वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही वेळा लॅपटॉप कानात ओरडला. मी "आई, आई" करत राहिले त्याच्यावर.

रविवारी तुमच्या अकरा वाजता फोन करीन. आईला उचलू दे.

स्नेहल

*

काष्टी, शनिवार, २२ नोव्हेंबर

पान पहिले

स्नेहल,

मी तुला फसवलं. वारस नोंद आहे असं सांगून मी तुझी हक्कसोडीवर सही घेतली. तू मला विचारलंस, "दादा, वाचायला पाहिजे का?" मी म्हणालो, काही गरज नाही. ते मला रोज आठवतं.

वकिलांना विचारलं. आता तुझा हिस्सा तुझ्या नावावर करायला मला बक्षीसपत्र करून द्यावं लागेल. मसुदा करायला सांगितलाय. तू येशील तेव्हा तो आधी तू वाच, पाहिजे तेवढा वेळ घे, पाहिजे त्या वकिलाला दाखव. मग सही मी करीन.

"म्हंजी रोज माझ्यावर वरडलं ते मशीनच व्हय, आन् तिच्यावर बी तेच वरडलं?" असं आईनं विचारलं. तुझं पत्र तिला दोनदा वाचून दाखवलं. बुधवारपासून तिनं फोनला हात लावला नव्हता. परवा दोनदा वाजला म्हणे, पण मी उचलू नको म्हणालो होतो म्हणून ती हात दाबून बसली. तो तुझा होता.

विजयमालाकडून काल सांगावा आला, बस्ता ठरल्या तारखेलाच. पोरानं अश्विनीला सांगितलं म्हणे की त्याच्या घरात सगळ्यांना शुगर आहे, ते त्यानं तरी कुणाला सांगितलं होतं?

एवढंच आहे. दुसरं पान नाही. हे गेलं की लॅपटॉपची वायर काढतो.

आईनं आत्तापासूनच फोनजवळ खुर्ची ओढून बैठक मारली आहे. मी म्हणालो, अगं, फोन उद्या अकराला येणार आहे. ती म्हणाली, "असू दे. मला उठायला येळ लागतो."

गोरक्ष